मतपत्रिकेवरची दगडाबाई

आमच्या जिल्हा परिचारिका संघटनेच्या घटनेत निवडणुकीची तीन पानं आहेत, पण ती कुणी उघडल्याचं मला तरी आठवत नाही. दर तीन वर्षांनी बीडला सभा भरायची, चहा-पोहे व्हायचे, कुणीतरी वर्षाराणी सिस्टरांचं नाव सुचवायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, टाळ्या वाजायच्या आणि दुपारच्या एस.टी.नं आम्ही आपापल्या गावी. नऊ वर्षं हेच चाललं होतं. वर्षाराणी सिस्टर काही वाईट बाई नव्हेत. मोठं घर, दीर राजकारणात, जिभेवर साखर, आणि कुठल्याही सिस्टरच्या घरी कार्य असलं की सगळ्यात आधी हजर. फक्त संघटनेचं काम म्हणजे सत्कार आणि दिनदर्शिका, यापलीकडं त्यांची गाडी सरकत नव्हती.

त्या गाडीला आडव्या गेल्या आमच्या सत्यशीलाताई. त्या महिन्याभरात माझं वजन चार किलोनं उतरलं, पण एवढी मजा मला जन्मात कधी आली नव्हती.

मी रामेश्वर. ताईंच्याच रुग्णालयात अकरा वर्षं ब्रदर आहे. पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात. माझी बायकोसुद्धा चिडली की ब्रदरच म्हणते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, उगाच कागद निघतील. ताई मला वरिष्ठ. वय चव्वेचाळीस, अंगानं काटकुळ्या, चालणं असं की सोबतच्यानं पळावं. खिशाला दोन पेनं, दिवसाच्या नोंदीला निळं आणि रात्रीच्या नोंदीला लाल. तीन दिवसांच्या बाळाची शीर सापडेना म्हणून डॉक्टर घामाघूम झाले की हाक ताईंनाच जाते. तोंड मात्र फटकळ. पेशंटच्या दारू प्यालेल्या नातेवाइकाला त्यांनी एकदा असं झापलं की तो गडी चपला हातात घेऊन वॉर्डाबाहेर गेला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. ऋतुजा नावाची चोवीस वर्षांची सिस्टर आमच्याकडं नवीन होती. माणसं कमी, म्हणून तिला एका आठवड्यात तिसऱ्यांदा डबल ड्यूटी लागली. अडतीस पेशंट आणि ती एकटी. पहाटेच्या सुमारास ती वॉर्डातच चक्कर येऊन पडली. पेशंटच्या बायकांनी तिला उचलून रिकाम्या खाटेवर टाकलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर पोरीनं पहिला प्रश्न विचारला तो नऊ नंबरच्या सलाईनचा. सकाळी आठला ताई ड्यूटीवर आल्या आणि आपलीच सिस्टर पेशंटच्या खाटेवर पाहून जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी त्या कुणाला ओरडल्या नाहीत, आणि मला तेव्हाच धास्ती वाटली.

पुढच्या आठवड्यात बीडची सभा होती. रुक्मिणीबाई निवडणूक अधिकारी होत्या. या आमच्या निवृत्त मेट्रन, नियमापुढं सख्ख्या बहिणीला न ओळखणाऱ्या. वर्षाराणींचं नाव सुचवून झालं. पंगत उठताना ‘अजून कुणाला वाढू का’ विचारतात, तशा सुरात रुक्मिणीबाईंनी आणखी कुणी आहे का म्हणून विचारलं. ताईंचा हात वर. म्हणाल्या, माझं नाव लिहा. माझ्या घशात पोहे अडकले. सूचक कोण, तर ताईंनी माझ्याकडं पाहिलं. ते बघणं असं होतं की नाही म्हणायची सोयच नव्हती. अनुमोदन ऋतुजानं दिलं. सभागृहात जी कुजबुज सुरू झाली तशी मी मोंढ्यात लिलावाच्या वेळीसुद्धा ऐकलेली नाही.

मतदान महिन्याभरानं ठरलं आणि सुरू झाला आमचा प्रचार. वर्षाराणींच्या बाजूनं दोन जीपगाड्या, रंगीत फलक, हळदी-कुंकवाचे कार्यक्रम. आमच्या बाजूनं माझी मोटारसायकल आणि ताईंची पिशवी. ड्यूटी संपली की निघायचं. आज पाटोदा, उद्या सिरसाळा, रविवारी कडा. कडा म्हणजे ताईंचं सासर. त्यांचे मालक अर्जुनराव तिथं साखर कारखान्यात आहेत. त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं की हरलीस तर घरी ये, जिंकलीस तरी घरी ये, मधे भांडू नको. पत्रकं मी छापली होती. त्यावर ठळक अक्षरांत ‘सत्यशीला अर्जुनराव महानवर’, खाली ताईंचा फोटो. भाषण मात्र त्या करायला तयार नव्हत्या. कुठंही गेलं की सिस्टरच्या शेजारी बसायच्या आणि एकच विचारायच्या, “रात्री तुझ्यासोबत कोण असतं?”

बस्स, एवढंच. ऐकणारी आधी हसायची, मग सांगायला लागायची. एकीनं सांगितलं, एका बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जात असताना शेजारच्या खाटेवर दुसरी मोकळी झाली, दोन हात कुणाकुणाला लावू. ताई सगळं ऐकून म्हणायच्या की रात्रीच्या पाळीला दोन सिस्टर, माझी मागणी एकच आहे, दुसरी मला सुचतच नाही. उठताना ती सिस्टर आम्हाला फाटकापर्यंत सोडायला यायची. तिसऱ्या आठवड्यात तर आम्ही पोचायच्या आधीच निरोप पोचलेला असायचा आणि सहा-सात जणी ओळीनं उभ्या असायच्या. मी घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागं गावागणिक मतं मांडायचो. चारशे बारा सभासद. आम्ही जिंकत होतो, माझी खात्री झाली होती.

गुरुवारी दुपारी उमेदवारांची यादी लागली. मतदान रविवारी. ऋतुजानं यादीचा फोटो आणला आणि म्हणाली की ताईंचं नावच नाही. मी फोन हिसकावून घेतला. यादीत दोनच नावं होती. दुसरं वर्षाराणींचं. पहिलं होतं, ‘देवकते दगडाबाई बंकट’.

ही दगडाबाई कोण? मी रुक्मिणीबाईंना फोन लावला. माझा आवाज चढला होता, कबूल करतो. त्या शांतपणे म्हणाल्या की परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत जे नाव आहे तेच मतपत्रिकेवर येतं, आणि नोंदणी क्रमांक तुम्हीच अर्जात भरलेला आहे, ब्रदर. बदलायचं तर राजपत्र आणा. एवढ्यात ऋतुजाचा फोन वाजायला लागला. सिरसाळ्याची एक जण विचारत होती की सत्यशीला सिस्टरनी माघार घेतली हे खरं का. मग पाटोद्याचा फोन. मग आणखी तीन. दगडाला मत द्यायचं असेल तर डोंगरावर जा, असा विनोदही एकीकडून आला. संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायची सोय फक्त अध्यक्षांना, आणि अध्यक्ष वर्षाराणी. बाहेरून मेसेज फिरवावा, तर निवडणुकीच्या दिवसांत असल्या मेसेजवर कोण विश्वास ठेवतो? महिनाभराचं सगळं पाण्यात जाताना मला दिसायला लागलं.

ताई चादरींच्या खोलीत सापडल्या. धुऊन आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या, हातात त्यांचा फोन, फोनवर तीच यादी. मी तोंड सोडलं.

“अकरा वर्षं झाली, ताई. कावून सांगितलं न्हाई?”

“कुणालाच न्हाई सांगितलं, रामेश्वर. तुलाच कावून सांगू?” त्या म्हणाल्या, आणि मग हळूहळू सगळं सांगितलं.

ताईंचे आईवडील मेंढपाळ. बंकटराव आणि बायनाबाई. मेंढरांचा वाडा आज या रानात, उद्या त्या रानात. ताईंच्या आधी बायनाबाईंना तीन लेकरं झाली, तिन्ही उघड्या रानात, आणि तिन्ही सव्वा महिना व्हायच्या आत गेली. चौथ्या वेळी ही मुलगी झाली तेव्हा जुन्या बायकांनी सांगितलं की हिला चांगलं नाव देऊ नका. चांगलं नाव दिलं की मरण लगेच ओळखतं. असं नाव ठेवा की मरणालाही उचलावंसं वाटू नये. आपल्याकडं कचराबाई असतात, धोंडाबाई असतात, त्या अशाच. बायनाबाईंनी दगडाबाई ठेवलं, आणि पोरगी जगली. शाळेत तेच नाव लागलं, नर्सिंगच्या दाखल्यावर तेच. कॉलेजात पहिल्या दिवशी हजेरीला ते नाव पुकारल्यावर अख्खा वर्ग हसला. तीन वर्षं पोरी येता-जाता यांच्या ट्रंकेवर टकटक करून विचारायच्या, दगड घरात हाय का. पुढं लग्नात अर्जुनरावांनी तांदळावर अंगठीनं ‘सत्यशीला’ लिहिलं, तेव्हा ताईंना वाटलं, सुटले. गणवेशाच्या पट्टीवर ‘एस. ए. महानवर’ आलं. पगारपत्रकावर ‘डी. बी. देवकते’च राहिलं, पण दुसऱ्याचं पगारपत्रक कोण वाचतं.

“आता सगळ्या जिल्ह्याला हसू दे,” ताई म्हणाल्या. “न्हाईतर अर्ज मागं घेते. अजून येळ हाय.”

मला त्यांची दया यायला हवी होती. मला संताप आला. मी म्हणालो की ऋतुजा पडली तेव्हा तिच्या बाजूला कुणी नव्हतं, आणि तुम्हाला नावाची लाज वाटते. म्हणालो आणि लगेच जीभ चावली. ताई बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिल्या. दोन वाजत आले होते, पाळी बदलायची वेळ. बाहेर वॉर्डात ओव्हर सुरू झाली होती.

ओव्हर म्हणजे काय ते सांगतो. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ, पाळी संपली की जाणारी सिस्टर येणारीला खाटेगणिक हवाला देते. एक नंबर, ताप उतरला, दोनची गोळी द्यायची. चार नंबर, टाके दुखतात, डॉक्टरांना कळवलंय. ओव्हर दिल्याशिवाय कुणी घरी जात नाही आणि ओव्हरमध्ये जे सांगितलं त्यावर कुणी शंका घेत नाही, कारण चुकलं तर माणूस मरतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक वॉर्डात दिवसातून तीनदा ती होते.

ताईंनी दारातून वॉर्डाकडं पाहिलं आणि उठल्या. लाल पेन काढलं. माझ्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि कागद ऋतुजाच्या हातात दिला. त्यावर असं होतं: ‘रविवारी मतपत्रिकेवर एक नंबरला देवकते दगडाबाई बंकट. ती मीच, सत्यशीला सिस्टर. माघार घेतलेली नाही. माझ्या आधीची तीन भावंडं रानात जन्मली आणि गेली, जवळ सिस्टर नव्हती. म्हणून माझं नाव दगडाबाई.’

“वव्हरमधी द्या,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात शेवटी. आधी पेशंट, मग मी. आन् वर्षाराणींबद्दल एक शब्द कुणी काढायचा न्हाई.”

अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू. दोनच्या ओव्हरला ऋतुजानं सगळ्या खाटा झाल्यावर तो कागद वाचला. समोरची सिस्टर ऐकताना मान हलवत होती, जशी औषधाच्या वेळा ऐकताना हलवतात. मग ऋतुजानं आणि मी ओळखीच्या एकेका रुग्णालयात फोन करून शब्दाला शब्द सांगितलं, आणि ऐकणारीला परत म्हणून दाखवायला लावलं, जसं डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की आम्ही करतो. गुरुवारी रात्री आठची ओव्हर झाली. शुक्रवारी सकाळची झाली. शुक्रवारी दुपारी बाहेरच्या एका रुग्णालयातून अॅम्ब्युलन्स आली, पेशंटसोबतची सिस्टर आम्हाला ओळखत नव्हती. तिनं पेशंटचा हवाला दिला आणि शेवटी थांबून म्हणाली की अजून एक सांगायचंय, रविवारी एक नंबरला देवकते दगडाबाई बंकट. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. ऋतुजा तिच्या गळ्यातच पडली. त्या बिचारीला काही कळेना.

पण खरी गंमत पुढं होती. निरोप नुसता गेला नाही, परत यायला लागला. ताईंचा फोन दिवसभर वाजत होता. एक जण म्हणाली, माझ्या आईचं नाव कचराबाई, मी फॉर्मवर कांचन लिहिते. पाटोद्याकडची एक साठीला टेकलेली सिस्टर म्हणाली की माझं शाळेतलं नाव धोंडाबाई, तीस वर्षांत तुलाच पहिल्यांदा सांगते. परळीकडच्या एकीनं नाव न सांगता एवढंच विचारलं की आई आहे का अजून, आणि आहे म्हटल्यावर तिला नमस्कार सांगा म्हणाली. ताई प्रत्येक फोन उभ्यानं घ्यायच्या. एरवी रडण्याचा त्यांना तिटकारा. पेशंटलासुद्धा त्या दोन मिनिटांच्या वर रडू देत नाहीत. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांनी फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसल्या की बघतोस काय, स्पिरिट संपलंय, आणून ठेव.

रविवारी बीडला काय गर्दी! नऊ वर्षं पोह्यांसाठी येणाऱ्या सभासदांनी रांग लावली होती. काही जणी रात्रपाळी उरकून थेट गणवेशातच आल्या होत्या. वर्षाराणींचे लोक दारात गुलाबाची फुलं वाटत होते. फुलं सगळ्यांनी घेतली. ताईंच्या समोरून जाताना बायका हलकेच मान हलवत होत्या, तीच ओव्हरची मान. मतं पडली तीनशे एकाहत्तर. मी आत जाऊन मोजणीच्या टेबलाशी प्रतिनिधी म्हणून बसलो.

रुक्मिणीबाईंनी पहिल्या गठ्ठ्यातली पाचवी मतपत्रिका उघडली, चष्मा वर केला, खाली केला, आणि बाद म्हणून बाजूला ठेवली. मी ती पाहायला मागितली. ‘देवकते दगडाबाई बंकट’ या नावावर सरळ एक रेघ मारलेली, वर स्वच्छ अक्षरात ‘सत्यशीला महानवर’, पुढं फुली, आणि शेजारी सही, तारीख, वेळ. मला हसावं की रडावं कळेना. आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच शिकवतात. चार्टवर चूक झाली तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि सही करून वेळ टाकायची. दगडाबाई म्हणजे सत्यशीला हे बाईला पक्कं कळलेलं. हातात पेन, समोर ताईंचं नाव जरा वेगळं. हातानं आपोआप दुरुस्त केलं.

अशा एकामागून एक निघायला लागल्या. सहा. नऊ. तेरा. मी भांडलो. इच्छा स्पष्ट आहे, मत धरा म्हणालो.

“ब्रदर, हा चार्ट न्हाई, मतपत्रिका हाय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “सही केली की मत बाद.”

सोळा गेल्या. सोळाच्या सोळा आमच्या! त्यातली एक सही मी लांबूनच ओळखली. ऋतुजाची. खाली वेळ टाकली होती, दहा वाजून पाच मिनिटं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं तर ही पोरगी बिनघोर वडापाव खात होती. आणखी तीन पत्रिका कोऱ्या निघाल्या, त्याही बाद. उरली तीनशे बावन्न.

मग मोजणी. शंभर-शंभर बरोबरी. दीडशेला वर्षाराणी पाचनं पुढं. शेवटच्या गठ्ठ्यात ताईंची सलग सात निघाली. मी मनातल्या मनात मोजत होतो तरी आकडा माझ्या तोंडून बाहेर येत होता आणि रुक्मिणीबाई मला गप्प बसवत होत्या. शेवटी त्यांनी दोन्ही गठ्ठे दोनदा मोजले, चष्मा काढला, दारात उभ्या राहिल्या आणि नोंदवहीतून वाचून दाखवलं. वर्षाराणी, एकशे चौऱ्याहत्तर. देवकते दगडाबाई बंकट, एकशे अठ्ठ्याहत्तर.

चार मतांनी! अख्खं आवार दगडाबाईच्या नावानं दणाणलं. ते नाव चारशे बायकांनी एवढ्या मोठ्यानं कधी घेतलं नसेल. ऋतुजा नाचत होती. मी तिला तिच्या सहीची हकीकत सांगितली तेव्हा ती खाली बसली, मग पुन्हा उठून नाचायला लागली. वर्षाराणी सिस्टर स्वतःहून पुढं आल्या, ताईंचे दोन्ही हात धरले आणि त्यांना म्हणाल्या की यादीतली दगडाबाई म्हणजे तुम्हीच, हे मला सांगितलं असतं तर मीच ग्रुपवर लिहिलं असतं. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. ताई म्हणाल्या की मंगळवारी दोघी मिळून तुमच्या दिरांकडं जाऊ, रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरचा अर्ज मी लिहून ठेवलाय. वर्षाराणी बरं म्हणाल्या.

गुलाल पुसत ताई बाजूला आल्या आणि आईला फोन लावला. बायनाबाई सत्तरीच्या, अजून मेंढरांमागं पाटोद्याकडच्या माळावर असतात. लेक कशाला तरी उभी आहे एवढंच त्यांना माहीत होतं. नावाचं रामायण त्यांच्या कानावर कुणी घातलं नव्हतं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ताई ओरडूनच बोलत होत्या आणि पलीकडचंही आम्हाला सगळं ऐकू येत होतं. ताईंनी निवडून आल्याचं सांगितलं. पलीकडं कुत्री भुंकली, मेंढरं ओरडली, मग बायनाबाईंचा आवाज आला.

“कंच्या नावानं?”

“दगडाबाई, आई. दगडाबाई बंकट.”

“मंग टिकशील,” बायनाबाई म्हणाल्या, आणि मेंढरं वळवायची होती म्हणून त्यांनी फोन ठेवला.